घटक ४ : स्मृतिभ्रंशाची प्रश्नावली : भाषांतर, अनुकूलन आणि सप्रमाणता

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाची तपासणी करणाऱ्या प्रश्नावलीचे केवळ शब्दशः भाषांतर का पुरत नाही, हे तुम्हाला सोदाहरण सांगता येईल. अनुकूलन, उलट भाषांतर, विश्वसनीयता, सप्रमाणता, संवेदनशीलता आणि विशिष्टता या संज्ञांचा अर्थ स्पष्ट करता येईल. तसेच एखाद्या मराठी प्रश्नाची भाषिक अंगाने चिकित्सा करता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण साहित्यकृतींच्या भाषांतराचा विचार केला. कथेचे किंवा कवितेचे भाषांतर सदोष झाले, तर वाचकाचा रसभंग होतो आणि मूळ लेखकावर अन्याय होतो. प्रस्तुत घटकात आपण अशा मजकुराकडे वळणार आहोत, की ज्याच्या भाषांतरातील दोषाचा परिणाम थेट एखाद्या माणसाच्या आयुष्यावर होतो. आरोग्य केंद्रात बसलेल्या सत्तर वर्षांच्या निरक्षर आजींना वीस-पंचवीस प्रश्न विचारले जातात. त्यांच्या उत्तरांची बेरीज एका ठरावीक आकड्याच्या खाली आली, की 'स्मृतिभ्रंशाची शक्यता' असा शेरा पडतो. तो शेरा आजींच्या मेंदूविषयी आहे, की त्यांना न मिळालेल्या शाळेविषयी, की आपण केलेल्या भाषांतराविषयी, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

'स्मृतिभ्रंश' हा शब्द मराठीला नवा नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो. मात्र तेथे त्याचा संदर्भ क्रोधातून होणाऱ्या विवेकनाशाचा आहे, रोगाचा नाही. आज वैद्यकीय लेखनात 'डिमेन्शिया' या संज्ञेसाठी तो रूढ झाला आहे. डिमेन्शिया हा एकच एक रोग नव्हे. स्मरण, भाषा, स्थलकालाचे भान, निर्णयशक्ती यांचा ऱ्हास होऊन दैनंदिन व्यवहार बिघडणे, अशा लक्षणसमूहाचे ते नाव आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वांत अधिक आढळणारे कारण होय. खेड्यापाड्यांत मेंदूच्या चित्रणाची सोय सहज उपलब्ध नसते. त्यामुळे प्रश्नोत्तरे हीच पहिली चाळणी ठरते, आणि ही चाळणी भाषेची बनलेली असते. म्हणून भाषेच्या अभ्यासकाचा येथे संबंध येतो. तुमच्यापैकी काही जण आशा स्वयंसेविका, परिचारिका किंवा शिक्षक म्हणून काम करीत असतील. त्यांच्या हाती अशी प्रश्नावली केव्हा ना केव्हा येण्याची शक्यता आहे.

४.२ मूळ चाचणीचे स्वरूप

जगभर सर्वाधिक परिचित असलेली चाचणी म्हणजे 'मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन'. मार्शल फोल्स्टीन, सुसान फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी ती 1975 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली. एकूण गुण 30. त्यांपैकी दहा गुण स्थलकालाच्या भानासाठी, तीन गुण तीन शब्द ऐकून लगेच उच्चारण्यासाठी, पाच गुण अवधानासाठी आणि तीन गुण तेच शब्द थोड्या वेळाने आठवण्यासाठी असतात. आठ गुण भाषेसाठी आणि एक गुण आकृती पाहून काढण्यासाठी. अवधानाच्या भागात शंभरातून सात-सात वजा करत जावे लागते किंवा 'वर्ल्ड' हा इंग्रजी शब्द अक्षरांच्या उलट क्रमाने सांगावा लागतो. भाषेच्या भागात 'डोळे मिटा' ही लिखित सूचना वाचून तशी कृती करायची असते, एक वाक्य लिहायचे असते आणि 'नो इफ्स, अँड्स ऑर बट्स' हा वाक्प्रयोग जसाच्या तसा उच्चारायचा असतो. 23 किंवा त्याहून कमी गुण मिळाल्यास पुढील तपासणीची गरज आहे, असा संकेत रूढ झाला.

आता या यादीकडे जरा थांबून पाहा. वाचन, लेखन, वजाबाकी, वर्णक्रम, कागदावर पेन्सिल धरून काढायची आकृती. यांतील किती कौशल्ये मेंदूची आणि किती शाळेची? अमेरिकेतील अठरा हजारांहून अधिक प्रौढांच्या गुणांचे विश्लेषण 1993 मध्ये प्रसिद्ध झाले. नऊ किंवा अधिक वर्षे शाळेत गेलेल्यांचा मध्यक 29 होता. पाच ते आठ वर्षे शिकलेल्यांचा 26. आणि चार वर्षांपर्यंतच शिकलेल्यांचा 22. मध्यक म्हणजे मधला गुण. त्यामुळे या शेवटच्या गटातील निम्म्या किंवा त्याहूनही अधिक व्यक्ती 23 च्या उंबरठ्याखाली आल्या. हे सारे जेथे चाचणी जन्मली त्याच देशात घडले. मग भाषाही बदलली आणि शाळा मुळीच नसली, तर काय होईल?

४.३ बल्लभगढचा अनुभव

या प्रश्नाला भारतात मिळालेले सर्वांत विचारपूर्वक उत्तर म्हणजे हरियाणातील बल्लभगढ परिसरात झालेला भारत-अमेरिका संयुक्त प्रकल्प. विजय चंद्रा, मेरी गांगुली आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील हिंदी भाषक ग्रामीण वृद्धांसाठी मूळ चाचणीचे हिंदी रूप सिद्ध केले आणि ते 1995 मध्ये प्रसिद्ध झाले. 'हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन' या नावाने ते ओळखले जाते. या प्रकल्पाच्या सर्वेक्षणात 55 वर्षांवरील 5126 व्यक्ती होत्या आणि त्यांतील सुमारे 73 टक्के निरक्षर होत्या. अशा समूहाला 'वाक्य लिहा' असे सांगणे म्हणजे तपासणी नव्हे.

या अभ्यासकांनी काय केले, ते भाषांतराच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहण्याजोगे आहे. 'डोळे मिटा' ही सूचना वाचून दाखवण्याऐवजी परीक्षक म्हणतो, की माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करतो तसेच करा. आणि तो स्वतः डोळे मिटतो. वाक्य लिहिण्याऐवजी 'तुमच्या घराविषयी काही सांगा' असे विचारले जाते. शब्दाची अक्षरे उलट सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणायचे. 'नो इफ्स, अँड्स ऑर बट्स' या जागी 'ना हे, ना ते' अशा अर्थाचा हिंदी बोलीतला प्रयोग आला.

यांतील एकही बदल शब्दकोशातून निघालेला नाही. प्रत्येक ठिकाणी आधी विचारले गेले, की मूळ प्रश्न मनाच्या कोणत्या क्रियेची परीक्षा घेतो. 'वर्ल्ड' उलट म्हणताना व्यक्तीला एक पाठ असलेला क्रम मनात धरून त्याच्या उलट दिशेने चालावे लागते. वारांची नावे उलट म्हणताना हीच क्रिया घडते, पण तिला लिपी लागत नाही. शब्द बदलला, क्रिया टिकली. अशा भाषांतराला 'अनुकूलन' म्हणतात. साहित्याच्या भाषांतरात आपण अनुकूलनाकडे कधी कधी संशयाने पाहतो, मूळ संहितेशी घेतलेले स्वातंत्र्य म्हणून. येथे मात्र अनुकूलन हीच निष्ठा आहे.

'ना हे, ना ते' या बदलात मात्र काहीतरी सुटते. इंग्रजी वाक्प्रयोग उच्चारायला कठीण आहे. त्यात नाम नाही, क्रियापद नाही, केवळ अव्ययांसारखे सुटे शब्द आणि शेवटी जोडून येणारी व्यंजने. मेंदूच्या भाषिक केंद्रांना इजा झालेल्या व्यक्तीला नेमके हेच जड जाते. हिंदीतला पर्याय अर्थाने जवळचा, पण उच्चारायला पुष्कळ सोपा आहे. अनुकूलन करणाऱ्याला अशी किंमत मोजावी लागते आणि ती मोजली आहे याची नोंद ठेवावी लागते.

४.४ उलट भाषांतराचा फसवा दिलासा

प्रश्नावलीच्या भाषांतराची एक रूढ कार्यपद्धती आहे. दोन भाषांतरकार स्वतंत्रपणे मराठी मसुदा करतात, दोन्ही मसुदे जुळवून एक केला जातो, मग मूळ संहिता न पाहिलेली तिसरी व्यक्ती त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करते. हे झाले उलट भाषांतर. ते मूळ इंग्रजीशी ताडून पाहतात, तज्ज्ञांची समिती मतभेद मिटवते, आणि शेवटी काही वृद्धांना प्रश्न विचारून त्यांना ते कसे समजले, हे जाणून घेतले जाते.

यांतील उलट भाषांतराला अनेक संशोधक अंतिम प्रमाण मानतात. त्याबद्दल सावध राहणे आवश्यक आहे. समजा, एखाद्याने 'नो इफ्स, अँड्स ऑर बट्स' चे मराठी 'जर नाही, आणि नाही, किंवा पण नाही' असे केले. उलट भाषांतरकार त्याचे इंग्रजी करील, ते मुळाशी जवळजवळ तंतोतंत जुळेल, आणि समिती समाधानाने मान डोलावील. वास्तविक हे मराठी वाक्यच नव्हे. उलट भाषांतर शब्दशः भाषांतराला गुण देते आणि चांगल्या अनुकूलनाला दंड करते, कारण 'वारांची नावे उलट म्हणा' याचे इंग्रजी केल्यावर 'वर्ल्ड' हा शब्द परत मिळत नाही. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या टप्प्यांपैकी सर्वांत मोलाचा टप्पा शेवटचा आहे. प्रश्न ऐकून आजी गोंधळल्या, हसल्या किंवा त्यांनी 'म्हणजे काय गं?' असे विचारले, तर त्या प्रतिक्रियेइतके विश्वासार्ह परीक्षण समितीही देऊ शकत नाही.

४.५ मराठीत प्रश्न बांधताना

आता मराठीकडे येऊ. बल्लभगढचे हिंदी रूप हाताशी आहे, हिंदी आणि मराठी भगिनीभाषा आहेत, लिपीही एकच. तेव्हा मराठी रूप सहज होईल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण एकच प्रश्न घ्या : 'हा कोणता महिना?' इंग्रजी महिना न सांगता ज्येष्ठ, आषाढ, श्रावण अशी उत्तरे देणाऱ्या वृद्धांची संख्या ग्रामीण भागात मोठी असते, आणि ते उत्तर स्वीकारलेच पाहिजे. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. परिणामी कृष्ण पक्षात एकाच दिवशी दोन ठिकाणी महिन्याचे नाव वेगळे असते. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीला येते. तोच दिवस उत्तरेत भाद्रपद कृष्ण अष्टमी मानला जातो. हिंदी गुणतक्ता जसाच्या तसा वापरला, तर बरोबर उत्तर देणाऱ्या मराठी आजीला महिन्यातील पंधरा दिवस शून्य गुण मिळतील.

ऋतूचा प्रश्नही असाच. इंग्रजीतील चार ऋतूंच्या जागी आपण पाठ्यपुस्तकातले सहा ऋतू घालायचे, की बोलण्यातले पावसाळा, हिवाळा, उन्हाळा हे तीन? बोलण्यातलेच घालावेत. पण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पावसाळा म्हणणारे आणि 'आता ऊन तापतंय' म्हणणारे दोघेही आपापल्या परीने बरोबर असू शकतात. कोणती उत्तरे ग्राह्य, हे प्रश्न विचारण्यापूर्वी लिहून ठेवावे लागते. परीक्षकाच्या मनावर ते सोडले, तर दोन परीक्षकांची बेरीज वेगवेगळी येते.

शब्द उलट सांगण्याचा प्रश्न साक्षर वृद्धांसाठी तरी ठेवावा काय? 'वर्ल्ड' मध्ये इंग्रजीप्रमाणे पाच वर्ण आहेत, म्हणून पाच गुण. मराठीत 'कागद' घेतला, तर अक्षरे तीन. ते उलट म्हणताना कोणी 'द, ग, का' म्हणेल, कोणी काना सोडून 'द, ग, क' म्हणेल. 'स्वस्त' सारखे जोडाक्षरांचे शब्द घेतले, तर गोंधळ अधिकच वाढतो. देवनागरीचे एकक अक्षर आहे, सुटा वर्ण नव्हे. त्यामुळे इंग्रजीत ही जी क्रिया आहे ती मराठीत तशीच उरत नाही. व्याकरणाच्या अभ्यासपत्रिकेत वर्ण आणि अक्षर यांतील भेद तुम्ही अभ्यासला आहे. त्याचा असा उपयोग होईल, हे तेव्हा कदाचित वाटले नसेल.

काही चाचण्यांत एका मिनिटात जितकी आठवतील तितकी प्राण्यांची नावे सांगायची असतात. मराठीत 'प्राणी' हा शब्द शाळेतला आहे. तो टाळून 'जनावरांची नावे सांगा' असे विचारले, की खेड्यातील माणूस गाय, बैल, म्हैस, शेळी सांगून थांबतो. कारण त्याच्या भाषेत जनावर म्हणजे गोठ्यातले गुरूढोर. वाघ आणि चिमणी त्याला ठाऊक आहेत, पण ती त्या शब्दाच्या कक्षेत येत नाहीत. त्याची यादी आखूड झाली, ती स्मरण कमी झाल्यामुळे नव्हे. येथे उपाय शब्द बदलण्याचा नाही. सूचनेतच 'गोठ्यातली, रानातली, पाण्यातली, उडणारी, कोणतीही' असे स्पष्ट म्हणावे लागते आणि ही वाढवलेली सूचना सर्वांना सारखीच द्यावी लागते.

कागदाच्या तीन पायऱ्यांच्या आज्ञेत मूळ चाचणी शेवटी कागद जमिनीवर ठेवायला सांगते. लिहिलेला कागद पायाशी ठेवणे आपल्याकडील अनेक वृद्धांना अवघड वाटते. ते थबकतात किंवा कागद कपाळाला लावून बाजूला ठेवतात. तो संकोच संस्काराचा आहे. 'कागद माझ्याकडे परत द्या' असे म्हटल्याने परीक्षा तितकीच कठीण राहते आणि संकोच टळतो.

संबोधनाचा मुद्दा लहान वाटतो, पण तो तसा नाही. 'सांगा पाहू, आज वार कोणता?' या वाक्यातील 'पाहू' लहान मुलाला विचारताना शोभते. सत्तरीच्या व्यक्तीला तो अपमान वाटू शकतो आणि ती उत्तर देण्याचे टाळते. मौन गुणतक्त्यात शून्य म्हणून नोंदवले जाते. 'तुम्ही' हे आदरार्थी संबोधन, नात्याची हाक आणि आरंभी 'काही प्रश्न सोपे वाटतील, काही अवघड. सगळ्यांना हेच विचारतो' असे एक वाक्य, हा प्रश्नावलीचाच भाग मानून छापला पाहिजे. श्रवण व दृष्टी यांची खातरजमाही आधीच करावी; चष्मा घरी राहिला असेल, तर आकृती काढायला सांगण्यात अर्थ नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

(अ) 'आंबा, फणस, केळी' हे तीन शब्द स्मरणाच्या चाचणीसाठी अयोग्य का ठरतात? एकमेकांशी अर्थाने न जोडलेले, सर्वपरिचित असे तीन शब्द तुमच्या बोलीतून निवडा.
(आ) 'प अक्षरापासून सुरू होणारे शब्द सांगा' या सूचनेला 'प्रवास' आणि 'पाणी' ही दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत काय? कारण द्या. निरक्षर व्यक्तीसाठी या सूचनेचा अर्थ काय होतो?

४.६ घरच्यांना विचारायचे प्रश्न

स्मृतिभ्रंशाचे निदान केवळ व्यक्तीच्या उत्तरांवर होत नाही. तिच्या रोजच्या वागण्यात बदल झाला आहे काय, हे घरच्यांना विचारावे लागते. पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत बँकेचे व्यवहार, वाहन चालवणे, कर भरणे असे प्रश्न येतात. ज्या आजींनी आयुष्यात पैशाचा व्यवहार कधी केलाच नाही, त्यांना तो 'आता जमत नाही' असे उत्तर मिळाले, तर त्याचा अर्थ काय? बल्लभगढच्या संशोधकांनी यासाठी दैनंदिन क्षमतांची स्वतंत्र भारतीय मोजपट्टी तयार केली. गावात वाट चुकते काय, जेवून झाल्याचे विसरून पुन्हा जेवण मागतात काय, होळी-दिवाळीसारखे सण लक्षात राहतात काय, घरातल्या लग्नकार्यासारख्या महत्त्वाच्या बाबीत मत देतात काय, असे तिचे स्वरूप आहे. प्रश्नकर्त्याने वृद्धांचे जगणे आधी पाहिले आहे, हे या प्रश्नांवरून कळते.

तरीही एक अडचण उरते आणि ती भाषेतच रुतलेली आहे. मराठीत 'साठी बुद्धी नाठी' अशी म्हण आहे आणि 'म्हातारचळ' असा शब्द. या दोन्हींचा गर्भितार्थ असा, की म्हातारपणी हे व्हायचेच. गोव्यात झालेल्या अभ्यासांत लोक स्मृतिभ्रंशाची लक्षणे ओळखत होते, पण ती आजाराची न मानता वार्धक्याचा भाग मानत होते, असे दिसून आले. अशा घरात 'आजींच्या स्मरणात काही बिघाड जाणवतो का?' असे विचारले, की सून म्हणते, 'नाही हो, वयाप्रमाणे आहे सगळं.' ती खोटे बोलत नाही. तिच्या भाषेत ते बिघाड नाहीच. शिवाय एकत्र कुटुंबात आजींची कामे हळूहळू दुसऱ्यांनी उचललेली असतात आणि उणीव उघडी पडत नाही. म्हणून 'बिघाड' हा निष्कर्षाचा शब्द टाळून प्रसंग विचारावा लागतो : 'गेल्या महिन्यात चुलीवर दूध ठेवून विसरल्या असं किती वेळा झालं?' आणि तुलना इतरांशी न करता त्याच व्यक्तीच्या पूर्वीच्या वागण्याशी करावी लागते.

४.७ विश्वसनीयता आणि सप्रमाणता

इतकी काळजी घेतल्यावर प्रश्नावली चांगली मराठी झाली, असे म्हणता येईल. ती चांगले मोजमाप झाली, असे अजून म्हणता येणार नाही. त्यासाठी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात.

पहिली विश्वसनीयता. दोन परीक्षकांनी एकाच व्यक्तीला तपासले, तर गुण जवळजवळ सारखे यावेत. थोड्या दिवसांनी पुन्हा तपासले तरी फारसे बदलू नयेत. आणि प्रश्नावलीतले प्रश्न परस्परांशी सुसंगत असावेत. दुसरी सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाणे. दर वेळी पाव किलो जास्त दाखवणारा तराजू विश्वसनीय असतो, सप्रमाण नसतो. निरक्षर व्यक्तीला दर वेळी 20 गुण देणारी चाचणीही तशीच.

सप्रमाणता पडताळण्याची मुख्य रीत अशी : काही वृद्धांना प्रश्नावली द्यायची आणि त्याच वृद्धांची अनुभवी वैद्यांकडून सविस्तर तपासणी करून निदान ठरवायचे. वैद्याला प्रश्नावलीचे गुण ठाऊक असता कामा नयेत. ठाऊक असतील, तर त्याचे निदान गुणांकडे झुकते आणि प्रश्नावली स्वतःच स्वतःची साक्षीदार होते. ही पथ्ये पाळून नंतर दोन प्रश्न विचारले जातात. खरोखर आजारी असलेल्यांपैकी किती जण प्रश्नावलीने पकडले? ही तिची संवेदनशीलता. निरोगी असलेल्यांपैकी किती जणांना तिने निरोगी म्हणूनच सोडले? ही तिची विशिष्टता. उंबरठा वर नेला, की संवेदनशीलता वाढते आणि विशिष्टता घटते. खाली आणला, की उलट.

एक कल्पित हिशेब करून पाहू. चाचणीची संवेदनशीलता 90 टक्के आणि विशिष्टता 80 टक्के आहे, असे समजा. एका तालुक्यातील 1000 वृद्धांपैकी 50 जणांना खरोखर स्मृतिभ्रंश आहे. चाचणी त्यांपैकी 45 जणांना पकडेल. उरलेल्या 950 निरोगी वृद्धांपैकी 20 टक्के, म्हणजे 190 जण चुकून पकडले जातील. एकूण 235 जणांवर शेरा पडला आणि त्यांत खरे आजारी 45. म्हणजे दर पाचांत एकही पुरता नाही. आता तीच चाचणी स्मरणविकारांच्या दवाखान्यात वापरा. तेथे आलेल्या 1000 जणांपैकी 500 आजारी असतील, तर 450 बरोबर पकडले जातील आणि 100 चुकून. शेरा पडलेल्यांपैकी सुमारे 82 टक्के खरे आजारी निघतील. प्रश्नावली तीच, भाषा तीच, टक्केवारी तीच. पण शेऱ्याचा अर्थ बदलला. म्हणून 'ही प्रश्नावली सप्रमाण आहे' हे विधान अपुरे असते. कोणासाठी, कोठे आणि कशासाठी, हे सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

निरक्षरांसाठी उंबरठाच खाली आणावा, असा सोपा उपाय सुचवला जातो. तो काही अंशी उपयुक्त आहे, पण त्यात एक पेच आहे. कमी शिक्षण हे स्वतःच स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे कारण मानले जाते. उंबरठा सरसकट खाली आणला, तर ज्या गटाला धोका अधिक, त्याच गटातील आजारी माणसे चाळणीतून निसटतात. उंबरठा बदलण्यापेक्षा प्रश्न बदलणे अधिक न्याय्य, हा बल्लभगढचा धडा येथे पुन्हा आठवावा.

४.८ अनेक भाषांतील एक प्रयोग

एकाच भाषेपुरता विचार न करता निरनिराळ्या समाजांत चालेल अशी पद्धत शोधण्याचा मोठा प्रयत्न '10/66 डिमेन्शिया रिसर्च ग्रुप' या संशोधकांच्या जाळ्याने केला. नावातील आकड्यांचा अर्थ असा, की स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी सुमारे 66 टक्के विकसनशील देशांत राहतात, पण लोकसमूहांवरील संशोधनापैकी 10 टक्क्यांहूनही कमी तेथे होते. भारत, चीन, आग्नेय आशिया, लॅटिन अमेरिका, कॅरिबियन व आफ्रिका यांतील 25 केंद्रांवर 2885 वृद्धांचा अभ्यास करून या गटाने 2003 मध्ये निष्कर्ष मांडले. या अभ्यासाची रचना मला विशेष बोलकी वाटते. त्यांनी केवळ रुग्ण आणि निरोगी अशी तुलना केली नाही. निरोगी व्यक्तींत जास्त शिकलेले आणि कमी शिकलेले असे दोन गट ठेवले आणि खिन्नतेने ग्रासलेल्या वृद्धांचा आणखी एक गट घेतला, कारण खिन्न माणूसही संथ उत्तरे देतो आणि 'माहीत नाही' म्हणतो. व्यक्तीची चाचणी, घरच्यांची मुलाखत आणि मानसिक स्थितीची तपासणी यांचे निष्कर्ष एकत्र केल्यावर 94 टक्के रुग्ण ओळखले गेले. चुकून रुग्ण ठरलेल्यांचे प्रमाण जास्त शिकलेल्यांत 3 टक्के, कमी शिकलेल्यांत 6 टक्के आणि खिन्नतेच्या गटात 15 टक्के होते. कमी शिक्षणाचा अडसर बराच दूर झाला; खिन्नतेचा मात्र उरला.

या चर्चेच्या प्रकाशात रोगाच्या प्रमाणाचे आकडे कसे वाचावेत, तेही पाहू. बल्लभगढच्या सर्वेक्षणात 65 वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण 1.36 टक्के आढळले आणि हे निष्कर्ष 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने 60 वर्षांवरील भारतीयांसाठी 7.4 टक्के हा अंदाज दिला. पाचपटीहून अधिक वाढ पंचवीस वर्षांत झाली, असा अर्थ वृत्तपत्री मथळ्यात काढला जाईल. तो घाईचा ठरेल. प्रदेश वेगळा, आयुर्मान वेगळे, निदानाचे निकष वेगळे, घरच्यांना विचारण्याची रीत वेगळी. या फरकापैकी किती भाग रोगाचा आणि किती मोजपट्टीचा, हे विचारल्याशिवाय दोन आकडे शेजारी ठेवू नयेत.

४.९ सरावासाठी स्वाध्याय

१. 'स्मृतिभ्रंशाच्या प्रश्नावलीत अनुकूलन हीच मूळ संहितेशी निष्ठा होय.' बल्लभगढच्या उदाहरणांच्या आधारे या विधानाची चर्चा करा.
२. उलट भाषांतराची उपयुक्तता आणि मर्यादा स्पष्ट करा. तुमच्या वाचनातील एखाद्या सरकारी अर्जातील किंवा औषधाच्या पत्रकातील वाक्य घेऊन ते दाखवून द्या.
३. 1000 वृद्धांपैकी 100 जण आजारी आहेत; चाचणीची संवेदनशीलता 80 टक्के व विशिष्टता 90 टक्के आहे. शेरा पडलेल्यांपैकी खरोखर आजारी किती, ते काढा आणि उत्तराचा अर्थ चार वाक्यांत लिहा.
४. 'विसराळूपणा', 'म्हातारचळ' आणि 'स्मृतिभ्रंश' या तीन शब्दांच्या अर्थच्छटांतील भेद सांगा. घरच्यांच्या मुलाखतीत यांपैकी कोणता शब्द वापरावा किंवा टाळावा?

क्षेत्रीय कार्य : तुमच्या परिसरातील साठ वर्षांवरील तीन व्यक्तींची संमती घेऊन त्यांना पुढील सूचना ऐकवा : 'आज कोणता महिना चालू आहे?', 'जनावरांची नावे सांगा', 'वारांची नावे रविवारपासून उलट म्हणा'. प्रत्येक सूचना ऐकल्यावर त्यांना काय करायचे आहे असे वाटले, ते त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि सूचनेची सुधारित शब्दरचना सुचवा. उत्तरांना गुण देऊ नयेत आणि कोणाच्याही स्मरणाविषयी मत व्यक्त करू नये. या तीन सूचना सुट्या आहेत, त्यांची चाचणी होत नाही. एखाद्या व्यक्तीच्या वागण्याविषयी घरच्यांनी काळजी बोलून दाखवली, तर त्यांना जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे.